जंगलातल्या संरक्षित गडाचं जतन: आधी कागद, मग पाणी, मग झाड, दगड सगळ्यात शेवटी

पुण्याच्या पश्चिमेचा आणि उत्तरेचा सह्याद्री घ्या. राजगडाच्या माच्यांखालचं रान, लोहगड-विसापूरच्या उतारांवरची झाडी, भीमाशंकरचं दाट जंगल, जुन्नरच्या लेण्यांचे डोंगर. इथे वास्तू आणि रान वेगळं काढताच येत नाही. दगडाच्या फटीत मूळ, मुळाला धरून माती आणि मातीत पाणी अशी सगळी गुंतागुंत असते. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यात पुणे जिल्ह्यातले शिवनेरी, लोहगड आणि राजगड आहेत. तेव्हापासून गडसंवर्धनाच्या मोहिमांना उधाण आलंय. उत्साहाबद्दल माझी तक्रार नाही, तक्रार आहे ती क्रमाबद्दल. रविवारी सकाळी कुदळ-फावडी घेऊन गडावर पोचायचं, दिसेल ते झुडूप उपटायचं, दिसेल तो दगड रचायचा आणि संध्याकाळी फोटो टाकायचे, याने गडाचं भलं होत नाही. जंगलातल्या वास्तूवर कामाचा क्रम उलटा झाला, तर पुढच्या दोन पावसाळ्यांत तट खाली येऊ शकतो.

हा लेख स्थानिक मंडळं, ट्रेकिंगचे गट, ग्रामपंचायती आणि महाविद्यालयांतल्या मुलांसाठी आहे. मोठी दुरुस्ती पुरातत्त्व खात्याचीच. पण नोंदी, निगराणी, पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवणं आणि रोपं लहान असतानाच काढणं ही कामं परवानगीने, शिकून घेतलेली माणसं करू शकतात. गड वाचतो तो बराचसा याच कामांवर.

पहिली पायरी: गडाचे दोन धनी ओळखा

दगड एका खात्याचा आणि झाड दुसऱ्या खात्याचं, हे आधी पक्कं ध्यानात घ्या. शिवनेरी आणि लोहगड केंद्र सरकारच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत, त्यांना १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा लागतो. राजगड राज्य सरकारच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे, त्याला राज्याचा १९६० चा कायदा. भोवतीची जमीन बहुतेक ठिकाणी वनखात्याची. ती राखीव वनात असेल तर १९२७ चा वन कायदा, अभयारण्यात असेल तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. भीमाशंकर १९८५ पासून अभयारण्य आहे. तिथे वाळकी काटकी उचलतानाही आधी विचारायचं.

म्हणून सुरुवात तलाठ्याकडे होते. गडाचा आणि पायथ्याचा गट नंबर काढा, सातबारा पाहा, वनखात्याकडून वनहद्दीचा नकाशा पाहून घ्या. वास्तू संरक्षित आहे का, हे गडावरच्या निळ्या फलकावरून कळतं, पण फलकावर विसंबू नका. संरक्षित क्षेत्र नेमकं किती, हे राजपत्रातल्या अधिसूचनेत असतं. केंद्रीय स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढे आणखी २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, ही २०१० च्या दुरुस्तीतली तरतूद. स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘आम्ही तर साफसफाई करत होतो’ हे कायद्यापुढे उत्तर नाही.

अर्ज दोन करायचे आणि दोन्हींवर दुसऱ्याची प्रत जोडायची. केंद्रीय स्मारक असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाच्या अधीक्षक पुरातत्त्वविदांना. राज्य संरक्षित असेल तर संचालनालयाच्या पुणे विभागाच्या सहायक संचालकांना. वनखात्याचा अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांमार्फत उपवनसंरक्षकांना, अभयारण्य असेल तर वन्यजीव विभागाला. ‘गडसंवर्धनासाठी परवानगी मिळावी’ असा एका ओळीचा अर्ज टेबलावर पडून राहतो. त्यात नकाशावर खूण केलेली जागा हवी, नेमकं काम हवं, हत्यारांची यादी हवी, किती माणसं आणि कोण जबाबदार ते हवं, आणि निघालेली माती, गवत, फांद्या कुठे जाणार ते हवं. हे शेवटचं बहुतेक अर्जांत नसतं, आणि वनखातं नेमकं तेच विचारतं. अर्जाआधी एकदा वनरक्षकाला आणि पुरातत्त्वच्या संरक्षण सहायकाला गडावर सोबत घेऊन फिरा. दोघांनी एकाच बुरुजाकडे बघत बोलणं झालं की पुढचे तीन महिन्यांचे हेलपाटे वाचतात.

दुसरी पायरी: एक पावसाळा नुसतं बघा

गटातल्या तरुणांना हे पटत नाही, पण काम सुरू करण्याआधी एक पूर्ण पावसाळा निरीक्षणात घालवा. एक फेरी मे महिन्यात, सगळं कोरडं असताना. दुसरी आषाढ-श्रावणात, धो धो पाऊस चालू असताना. तिसरी दसऱ्याच्या सुमाराला, गवत उभं असताना. प्रत्येक वेळी त्याच जागांवरून फोटो काढायचे. जागा शब्दांत लिहून ठेवा: ‘महादरवाज्याच्या आतल्या डाव्या देवडीच्या पायरीवर उभं राहून समोरच्या बुरुजाकडे’. असं लिहिलं की पुढच्या वर्षी वेगळी माणसं आली तरी फोटो जुळतात. फोटोत एक मीटरची काळी-पांढरी पट्टी मारलेली काठी धरा आणि उत्तर दिशा दाखवा. मोबाइलचं जीपीएस झाडाखाली किंवा कड्याच्या पोटाशी बरंच फसवतं, म्हणून जीपीएसच्या आकड्यासोबत जवळच्या न हलणाऱ्या वास्तूपासून टेपने अंतर मोजून लिहा.

तटाच्या प्रत्येक भेगेला क्रमांक द्या. वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा आणि ‘कोरडी’ किंवा ‘ओली’ ते शेजारी लिहा. भेग अजून वाढते आहे का, हे पाहायची एक जुनी युक्ती आहे. भेगेच्या दोन्ही बाजूंना जिप्समचे छोटे ठिपके लावून त्यावर पातळ काचेची पट्टी आडवी बसवायची आणि तारीख टाकायची. दगड हलला की काच तडकते. संरक्षित वास्तूवर हे खात्याच्या माणसानेच करायचं. तुम्ही काच शाबूत आहे का, ते दर फेरीला पाहून कळवा.

वीरगळ किंवा सतीशिळा (वीराच्या, सतीच्या स्मरणाचा कोरीव दगड), शिलालेख दिसला तर तो जागेवरच राहू द्या. देवळाजवळ नीट मांडून ठेवायचा मोह होतो, पण दगडाची जागा हाच अर्धा पुरावा असतो. अक्षरं वाचता यावीत म्हणून खडू, पीठ, भस्म किंवा तेल चोळणं बंद करा. अंधार पडू लागला की विजेरी दगडाला जवळजवळ चिकटवून, चारही बाजूंनी आळीपाळीने प्रकाश टाकत फोटो घ्या. सावल्यांमुळे अक्षर असं उठून दिसतं की खडूची आठवणही येत नाही. हे फोटो डेक्कन कॉलेज किंवा भारत इतिहास संशोधक मंडळातल्या जाणकारांना दाखवता येतात.

तिसरी पायरी: पाण्याची वाट शोधा

पुणे शहरात वर्षाला साधारण ७००-७५० मिलिमीटर पाऊस पडतो. घाटमाथ्यावर तोच तीन-चार हजार मिलिमीटरच्या घरात जातो, ताम्हिणीसारख्या ठिकाणी त्याहूनही वर. गड बांधणाऱ्यांना हे पुरेपूर ठाऊक होतं. तटाला जागोजाग मोऱ्या ठेवल्या, फांजीला, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या चालायच्या वाटेला, उतार दिला, टाक्यांपर्यंत पाणी नेणारे पाट खडकात खोदले. आज या मोऱ्या माती-पाचोळ्याने बुजलेल्या असतात आणि तट पडायला सुरुवात तिथूनच होते.

कसा, ते नीट समजून घ्या. सह्याद्रीतला बहुतेक तट दोन पदरी असतो. बाहेरून आणि आतून घडीव किंवा अर्धवट घडीव दगडांची दर्शनी भिंत, आणि मध्ये दगडगोटे, कपच्या, माती यांचा भराव. वरची फांजी फुटली की पावसाचं पाणी थेट भरावात शिरतं. खाली मोरी बुजलेली असेल तर ते बाहेर पडत नाही. भरावातली माती फुगते, वजन वाढतं, बाहेरच्या भिंतीवर आतून दाब येतो. मग तटाला पोट येतं. हे पोट तटाला गाल टेकवून, तटाच्या रेषेत नजर लावून पाहिलं तर पटकन दिसतं. पोट आलेला तट पुढच्या एखाद्या जोरदार पावसात सुटतो आणि सुटताना पाच-दहा मीटरचा तुकडा एकदम नेतो. राजगडाच्या संजीवनी माचीसारखी दुहेरी तटबंदी असेल तर दोन तटांमधली अरुंद जागा पाणी कोंडण्याचं मोठं ठिकाण होते. तिथे अधिक लक्ष हवं.

पाणी कुठून कुठे जातं, हे नकाशापेक्षा गुराख्याला जास्त माहीत असतं. एका पायथ्याच्या वाडीतल्या म्हाताऱ्या मामांना आम्ही विचारलं, “मामा, पावसात ह्या बुरजाचं पाणी कुठनं उतरतं?” त्यांनी काठी वर केली. “आधी त्या पिंपळाच्या अंगानं उतरायचं. दोन वर्सं झाली, आता उतरत न्हाई, बुरजाच्या पोटातच मुरतंय. खाली कारवीत बघा, गढूळ पाझर दिसंल.” गढूळ हा शब्द महत्त्वाचा. तटाच्या पायथ्याशी पाझर स्वच्छ असेल तर फार काळजी नाही. गढूळ असेल तर भरावातली माती वाहून चालली आहे आणि आत पोकळी होते आहे. अशी जागा नकाशावर लाल करा आणि त्याच आठवड्यात खात्याला कळवा.

मोऱ्या मोकळ्या करण्याचं काम हाताने, खुरप्याने आणि तारेच्या आकड्याने करायचं. पहार घालून मोरी उघडू नका, तळाचा किंवा छताचा दगड निसटतो. मोरीत साचलेली माती बाहेर काढताना खापरं, लोखंडाचे तुकडे, नाणं असं काही निघालं तर हात थांबवा, जागेचा फोटो घ्या आणि खात्याला कळवा. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे आणि त्यात मर्यादा आहे दहा रुपयांची. त्याहून जास्त मोलाचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. दहा रुपयांत आता कटिंग चहाही मिळत नाही, पण कायदा तसाच आहे.

टाक्यांचा प्रश्न वेगळा

पाण्याची टाकी साफ करणं हे श्रमदानाचं सगळ्यात लाडकं काम. दिवसभरात गाळ निघतो, पाणी चकाकतं, फोटो छान येतात. माझ्या मते परवानगीशिवाय आणि पुरातत्त्वाच्या जाणकाराशिवाय करायला सगळ्यात धोक्याचं कामही हेच. टाक्यातला गाळ थराथराने साचलेला असतो आणि त्यात गडाची दिनचर्या दडलेली असते: खापरं, हाडं, जळकं लाकूड, बियाणं, कधी तोफेचा गोळा. तो घमेल्याने उपसून कड्यावरून ढकलला की ते उत्खनन झालं, आणि त्याची नोंद कुठेच राहिली नाही.

परवानगी मिळाली तर असं करा. टाक्याच्या काठावर खुणेचा एक बिंदू ठरवा आणि त्यापासून खोली मोजा. गाळ दहा-दहा सेंटिमीटरच्या थरांत काढा, प्रत्येक थराचा ढीग वेगळा, प्रत्येक ढिगाशी चिठ्ठी. चाळणीतून काढल्यावर जे उरेल ते पिशवीत, पिशवीवर टाक्याचं नाव, थर, तारीख. चाळलेली माती कुठे टाकायची ती जागा वनरक्षकाने आधीच दाखवलेली हवी. कड्यावरून नाही आणि ओढ्याच्या उगमापाशीही नाही.

आणि सगळी टाकी एकाच उन्हाळ्यात रिकामी करू नका. मार्च ते मे या काळात रानातल्या भेकरा-सांबरांना, बिबट्याला आणि माकडांना गडावरचं पाणी हाच आधार असतो. बेडूक, खेकडे, पाणकिडे त्या टाक्यांतच जगतात. एका वर्षी एक टाकं, तेही अर्धं पाणी शेजारच्या टाक्यात वळवून. खांबटाक्याच्या (खडकात खांब सोडून खोदलेल्या टाक्याच्या) आतल्या अंधारात वटवाघळं लटकलेली असतील तर त्या टाक्याचं नाव यादीतून खोडून टाका.

चौथी पायरी: कोणतं झाड काढायचं, कोणतं राखायचं

तटाचे खरे शत्रू वड-पिंपळाच्या कुळातले आहेत: पिंपळ, वड, उंबर, नांद्रुक. पक्षी फळ खातात, विष्ठा फटीत पडते, श्रावणात तिथे दोन पानांचं रोप उभं राहतं. पहिल्या वर्षी ते दोन बोटांनी निघतं. तिसऱ्या वर्षी मूळ भरावात शिरलेलं असतं. दहाव्या वर्षी तेच मूळ दगडांना बाजूला सारत असतं आणि त्याच वेळी त्यांना धरूनही असतं. अशा वेळी ते उपटलं की दगड मुळासकट खाली येतात.

त्यामुळे नियम साधा ठेवा. मूळ पेन्सिलीहून बारीक असेल आणि जमीन ओली असेल, तर भाद्रपदात हाताने, सरळ रेषेत हलकं ओढून काढा. त्याहून जाड असेल तर ओढू नका. खोड तटापासून चार बोटं वर कापा, फुटवे येतील ते दर दोन-तीन महिन्यांनी कापत राहा. पानं मिळाली नाहीत की मूळ उपाशी राहतं, पण त्याला वेळ लागतो, दोन-तीन वर्षंही. खोडात औषध भरायचा निर्णय खात्याच्या रसायन शाखेचा आणि वनखात्याचा, तुमचा नाही. जंगलात ते औषध टाक्यात आणि ओढ्यात जाऊ शकतं. मोठं झाड तटावर असेल तर ते कधी आणि कसं काढायचं ते तट उकलून पुन्हा बांधण्याच्या आराखड्याचा भाग आहे, तो येईपर्यंत फांद्या हलक्या करून वाऱ्याचा झोत कमी करणं इतकंच करता येतं, तेही लेखी परवानगीने.

झुडपांत फरक करायला शिका. घाणेरी, रानमोडी, गाजर गवत, पिवळा कॉसमॉस हे बाहेरून आलेलं तण. ते काढायला वनखात्यालाही आनंदच होतो, फक्त फुलं येण्याआधी काढा. कारवी मात्र इथलीच, आठ-एक वर्षांनी फुलणारी, उताराची माती धरून ठेवणारी. पायवाटेत आली म्हणून सरसकट तोडायची नाही. गवत पूर्ण खरवडू नका. तटाच्या माथ्यावरचं आखूड गवत भरावाला पावसापासून झाकतं. ते विळ्याने चार बोटांवर कापा, मुळं राहू द्या.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. शिवनेरी आणि जुन्नरच्या परिसरात, तसंच पुरंदरजवळच्या वज्रगडावर शिवसुमन नावाची वनस्पती कड्यांच्या फटींत उगवते. शिंदळ माकुडी हे तिचं दुसरं नाव. जाड, मांसल खोड, पावसात पानं आणि तांबूस चांदणीसारखं पिवळे ठिपके असलेलं फूल. जगात फक्त महाराष्ट्रातल्या मोजक्या डोंगरांवरच ती आढळते. उन्हाळ्यात तिची पानं गळतात आणि ती वाळक्या काडीसारखी दिसते. मे महिन्यात साफसफाईला आलेल्या मंडळींच्या हातून ती काडी निघून जायला एक क्षण पुरतो. कंदीलपुष्पांचंही तसंच. त्यांचे कंद उन्हाळ्यात जमिनीखाली असतात आणि वर काहीच दिसत नाही. म्हणून वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एखाद्या प्राध्यापकाला ऑगस्ट-सप्टेंबरच्या फेरीला सोबत न्या आणि दुर्मीळ झाडांच्या जागा नकाशावर नोंदवून घ्या. हा नकाशा समाजमाध्यमांवर टाकायचा नाही, दुर्मीळ कंद विकणारे लोक आहेत.

वृक्षारोपण गडावर करू नका. हे वाक्य अनेकांना खटकतं. पण शिबंदीच्या (गडावरच्या सैनिकांच्या) घरांची जोती, सदरेचा पाया, पागेची फरशी हे सगळं हातभर मातीखाली असतं आणि रोपाचा खड्डा नेमका त्यातूनच जातो. शिवाय गडमाथ्याचे सडे, म्हणजे उघडी सपाटी, मुळात गवताळ आणि खडकाळ असतात, तिथल्या फुलांना उघडं ऊन लागतं. झाडं लावायची हौस असेल तर पायथ्याच्या पडीक जागेवर, वनखात्याने सांगितलेली देशी झाडं लावा.

शेवाळ आणि दगडफूल तारेच्या ब्रशने घासणं हाही एक आवडता उद्योग. दगडफूल म्हणजे गोड्या मसाल्यात पडतं तेच. दगडावर ते बहुतेक वेळा वर्षानुवर्षं काही न बिघडवता बसून असतं. तारेचा ब्रश मात्र एका दिवसात दगडाची कातडी सोलतो.

पाचवी पायरी: दगडाला हात कधी लावायचा

इथवर आल्यावर बहुतेक गटांना कळतं, की दगडाचं काम जवळजवळ उरलेलंच नाही, किंवा जे उरलंय ते आपलं नाही. ढासळलेल्या दगडांचा ढीग तसाच राहू द्या. कोणता दगड कुठे आणि कुठल्या बाजूवर पडला यावरून तट कसा पडला ते कळतं आणि पुन्हा बांधणाऱ्याला तेच लागतं. ते दगड रचून पायवाटेला कठडा करणं, चूल मांडणं, मारुतीसाठी देवळी उभी करणं, या तिन्ही गोष्टींनी पुरावा मोडतो.

खातं दुरुस्ती करतं तेव्हा तुम्ही निदान योग्य प्रश्न विचारू शकता, आणि विचारावेतही. दगडांना क्रमांक दिले का, की नुसते उपसले? जुन्या चुन्याचा नमुना तपासला का? सिमेंट कुठे वापरलं? सिमेंटचा गिलावा सुरुवातीला भक्कम वाटतो, पण तो पाणी आत कोंडतो, त्यातले क्षार दगडात उतरतात आणि मऊ चुन्याच्या भिंतीवर तो कडक पापुद्र्यासारखा बसून शेवटी जुन्या दगडाचा पृष्ठभाग ओढून सुटतो. चुना श्वास घेऊ देतो. जुन्या पद्धतीत चुनकळी (भाजलेली चुनखडी) विझवून, मुरवून, वाळू आणि सुरखीबरोबर (विटांच्या भुकटीबरोबर) घाण्यात मळली जाई. त्यात बेलफळाचा गर, गूळ, हिरड्याचं पाणी घालण्याची चाल होती, आणि हिरडा तर जुन्नर-आंबेगावच्या जंगलात महादेव कोळी कुटुंबं आजही गोळा करतात. पण ‘अमुक किल्ल्याला अमुक मिश्रण’ अशी एकच पाककृती नाही. ती जुन्या नमुन्यावरूनच ठरते. चुन्याचं काम दिवाळीनंतर काढायचं आणि शिमग्याआधी आटोपायचं. चुना हळूहळू धरतो, निदान दोन-तीन आठवडे ओलं ठेवावं लागतं, आणि कोवळ्या चुन्यावर वळवाचा पाऊस पडला तर सगळं धुऊन जातं. अनेक तट तर चुन्याशिवाय, शुष्कसांधी पद्धतीनेच बांधलेले आहेत. त्यांच्या सांध्यांत चुना किंवा सिमेंट भरलं की पाणी निघायची वाट बंद होते. तिथे पाथरवटाने घडवलेल्या कपच्या ठोकून बसवणं हीच दुरुस्ती.

लेण्यांत बेसॉल्टच्या (सह्याद्रीच्या काळ्या खडकाच्या) थरांमधला तांबड्या मातीचा मऊ पट्टा पाहायचा. वरून झिरपलेलं पाणी त्या थरावर अडतं, तिथून बाहेर येतं, मऊ थर झिजतो आणि वरचा कठीण खडक अधांतरी राहतो. छताचे मोठे पापुद्रे असे सुटतात. त्यामुळे लेण्याच्या डोक्यावर, डोंगरावर, पाणी वळवणारी चर बुजलेली नाही ना, हे पाहणं लेण्याच्या आत झाडू मारण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचं.

वणवा, मोहोळ, फुरसं

राज्यात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. गवत जाळून साफसफाई हा विचारही नको. आगीने बेसॉल्टचे पापुद्रे उडतात आणि कारवीचं रान जातं. हंगामाआधीच वनखातं जाळरेषा (आग अडवायला साफ केलेले पट्टे) काढतं, त्या कामाला माणसं दिलीत तर वनरक्षकाचा तुमच्यावरचा विश्वास दुप्पट होईल.

कड्यावर आणि दरवाज्याच्या कमानीत आग्या मोहोळ असेल तर त्या बाजूला काम नाही. अत्तर, धूर, ढोल-ताशा, ड्रोन काहीच नाही. दगडाखाली फुरसं बसलेलं असतं, म्हणून हात घालण्याआधी काठी, जाड हातमोजे आणि घोट्यावरचे बूट. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशावरचं प्रतिविष उपलब्ध आहे का, हे निघण्याआधी फोन करून विचारा. कड्यावर गिधाडाचं घरटं असेल तर दोर लावायचा बेत पुढे ढकला.

गावाला सोबत घेतल्याशिवाय यातलं काही टिकत नाही. गडावरच्या पद्मावतीचा किंवा मेंगाईचा उत्सव गावाचा असतो, २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला हक्क दिलेले आहेत आणि रानाच्या वाटा गुराख्यांच्या पायाखालच्या आहेत. संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तर तिच्या बैठकीत तुमचा आराखडा वाचून दाखवा. निगराणीचं मानधन गावातल्याच दोन तरुणांना मिळालं तर शनिवार-रविवारच्या पंचवीस शहरी स्वयंसेवकांपेक्षा ते अधिक उपयोगी पडतात.

वर्षाचं वेळापत्रक आणि नोंदवही

एक जाड बांधणीची वही घ्या आणि मोबाइलबरोबर तीही भरा. नेटवर्क नसलेल्या गडावर वहीच कामाला येते. भाद्रपद-आश्विनात तटावरची रोपं काढा. दिवाळीनंतर मोऱ्यांची पाहणी करा, खात्याची दुरुस्ती चालू असेल तर तीही पाहा. पौषात जाळरेषा. चैत्र-वैशाखात ठरवलेलं एखादं टाकं आणि मोऱ्या पुन्हा एकदा मोकळ्या. मृग लागायच्या आधी सगळ्या भेगा मोजून घ्या. पहिला मोठा पाऊस झाला की दोन दिवसांत, पाऊस अजून चालू असतानाच, छत्री आणि वही घेऊन वर जा. लाल खूण केलेल्या प्रत्येक जागेखाली पाझर गढूळ आहे की स्वच्छ ते लिहा, काचपट्ट्या पाहा, पोट आलेल्या तटाखालची वाट दोर बांधून बंद करा. संध्याकाळी खाली उतरल्यावर त्याच पानाचा फोटो काढून पुरातत्त्वच्या संरक्षण सहायकाला आणि वनरक्षकाला पाठवा, आणि अर्जाच्या फाइलला त्याची छापील प्रत लावा.